रांगेतल्या शेवटच्या घराची भिंत

घर आम्हाला आवडलं ते एकाच गोष्टीसाठी. ते रांगेतलं शेवटचं होतं. बाकीच्या रो-हाऊसना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड काय तो पुढून आणि मागून. आमच्या घराची पश्चिमेची अख्खी बाजू मोकळी होती. तिकडे हॉलला एक जास्तीची मोठी खिडकी, खिडकीबाहेर रिकामा प्लॉट आणि लांबवर डोंगर. हे म्हणाले, "संध्याकाळी इथं खुर्ची टाकून बसायचं." तेवढ्या एका वाक्यावर आम्ही ते घर घेतलं.

हे म्हणजे माझे यजमान. एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याच्या आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा तयार करतात आणि मग त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. ते लाकडी नमुने करायचं यांचं काम. घरी आले तरी यांच्या शर्टाच्या खिशात भुसा सापडायचा. मी शाळेत शिकवते. आम्ही दोघंच. संध्याकाळी त्या खिडकीशी आम्ही खरंच बसायचो, आणि भिंतीला टेकलं की पाठ भाजते हे माहीत असल्यामुळे खुर्च्या हातभर पुढे ओढून घ्यायचो. यापलीकडे त्या भिंतीचा विचार कधी केला नव्हता. नाशिकला कसला आलाय उन्हाळा, असं इथला प्रत्येक जण म्हणतो. आम्हीही म्हणायचो.

मग तो अपघात झाला. नव्या पॅटर्नवर पहिलंच ओतकाम होतं म्हणून हे बघायला खाली गेले होते. साच्यात कुठंतरी ओल राहिली होती. ओलीवर वितळलेलं लोखंड पडलं की ते उसळतं. यांनी तोंड फिरवलं म्हणून चेहरा आणि डोळे वाचले. पाठ, खांदे आणि दोन्ही दंड मात्र भाजले. त्यानंतरचे दवाखान्यातले महिने मी इथं सांगत बसत नाही. मांडीची कातडी काढून पाठीवर आणि दंडांवर लावली, ती धरली, आणि थंडीच्या सुरुवातीला हे घरी आले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, एक गोष्ट लक्षात ठेवा. लावलेल्या कातडीला घाम येत नाही. आपल्याला उकडलं की घाम येतो आणि अंग थंड होतं. यांच्या पाठीला आणि हातांना ते आता जमणार नाही. यांना उकाड्यात ठेवू नका."

थंडीत त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. तो मार्चमध्ये कळला.

एके दिवशी शाळेतून घरी आले तर हे हॉलमध्ये सोफ्यावर बसलेले. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. हाक मारली तर "हं" एवढंच. कपाळावर घामाचे थेंब होते, पण पाठ आणि दंड कोरडे आणि तापलेले. मी बादलीभर पाणी आणलं, टॉवेल भिजवून अंगावर टाकला, पंखा मोठा केला. अर्ध्या तासानं ते नीट बोलायला लागले. म्हणाले, "चक्कर आली असेल." दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या छोट्या खोलीत एसी बसवून घेतला.

आणि त्या दिवसापासून ते त्या खोलीतले झाले. सकाळी ऊन चढलं की वर जायचं, दार लावायचं, ते अंधार पडून घर निवेपर्यंत. जेवण वर, चहा वर. कुणी भेटायला आलं तर खालचा आवाज त्यांना वर ऐकू यायचा, पण ते उतरायचे नाहीत. येणाऱ्याला वर पाठवलं तर तो दारात उभं राहून चार शब्द बोलायचा आणि निघायचा. बंद खोलीत आजारी माणसाजवळ किती वेळ बसणार? कंपनीनं स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं होतं. पण तिथं वर पत्रे. हे आठवडाभर जाऊन आले आणि मग त्यांनीच नोकरी सोडली.

एकदा जेवणाचं ताट घेऊन वर गेले, तर म्हणाले, "मी काय फ्रीजमधली भाजी आहे?"

हसून म्हणाले होते. पण ताट तसंच राहिलं.

एका कॉन्ट्रॅक्टरनं सुचवलं, हॉलच्या भिंतीला आतून थर्माकोल लावा, वर पीओपीचं पॅनेल, उष्णता आत येणारच नाही. आम्ही ते केलं. मे महिन्यात फरक पडला, नाही असं नाही. हात लावला तर पॅनेल गार लागायचं. मग पावसाळा आला. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. बाहेरच्या प्लास्टरला बारीक भेगा होत्या, त्यांतून पाणी मुरलं आणि पॅनेलच्या मागं अडकलं. आधी नुसता कुबट वास आला. मग कोपऱ्यात काळे ठिपके, आणि श्रावणात तर हातभर बुरशी. यांच्या नव्या कातडीला खाज सुटायला लागली. नवरात्राच्या आधी सगळं पॅनेल उचकटून फेकून दिलं. भिंत पुन्हा उघडी पडली, वर ऑक्टोबरचं ऊन.

त्याच सुमारास माझी भाची घरी राहायला आली. माझ्या भावाची मुलगी. भाऊ सटाण्याजवळ नामपूरला असतो, कांद्याची शेती आहे. भाची नाशिकला आर्किटेक्चर शिकत होती, शेवटचं वर्ष. तिचं होस्टेल दुरुस्तीसाठी काही महिने बंद होतं. जेवताना ती यांना म्हणाली, "मामा, मला प्रोजेक्टला घर पाहिजे. तुमचं देता का?" आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

"घर कशाला?"

"बिल्डिंग एन्व्हलप असा विषय आहे. म्हणजे भिंती, छत, खिडक्या, आत आणि बाहेर यांच्या मधे जे जे उभं असतं ते सगळं. त्यातून ऊन किती आत येतं, कधी येतं, कुठून येतं ते बघायचंय."

"आमच्या घरात ते सगळीकडून येतं," मी म्हणाले.

ती हसली. "बाबा पण तेच म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात आले होते ना तुमच्याकडे, घरी येऊन आईला सांगत होते."

मला आठवलं. भाऊ हॉलमध्ये बसला होता, भिंतीला हात लावून त्यानं झटकन मागं घेतला होता. "ताई, आठे कांदा बी टिकाव नही," इथं कांदाही टिकायचा नाही, असं अहिराणीत म्हणाला होता. मला तेव्हा राग आला होता.

भाचीनं प्रत्येक खोलीत एक थर्मामीटर टांगलं. एक हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून टेपनं चिकटवलं, एक वरच्या खोलीच्या छताला, एक बाहेर सावलीत. ती कॉलेजात जाणार, मी शाळेत. आकडे बघणार कोण? घरी हेच. भाचीनं फोनवर ग्रुप केला आणि हे तासातासाला आकडे टाकायला लागले. पहिल्या दिवशी कंटाळत. दुसऱ्या दिवशी दोन आकड्यांच्या खाली एक ओळ आली: "भिंत अजून तापतेच आहे. बाहेरचा आकडा तर उतरायला लागलाय. असं कसं?"

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ती ओळ वाचली. कितीतरी महिन्यांनी यांनी स्वतःहून काहीतरी विचारलं होतं.

संध्याकाळी भाचीनं समजावून सांगितलं. दुपारभर भिंत ऊन पीत राहते. ते विटांतून हळूहळू आत सरकतं आणि आतल्या बाजूला पोचायला त्याला काही तास लागतात. म्हणून बाहेर सूर्य मावळतो तेव्हा आतली भिंत सगळ्यात जास्त तापलेली असते. छताचंही तेच, उलट जास्तच, कारण छतावर दिवसभर ऊन. "वरच्या खोलीत तुमचा एसी खोली थंड करत नाहीये मामा, तो स्लॅबशी भांडतोय."

"मग आतून थर्माकोल लावला ते बरोबरच होतं की," हे म्हणाले.

"उष्णता अडवायची ती बाहेरच अडवलेली बरी. भिंत तापली की तिला आतून झाकण्यापेक्षा तिला तापूच द्यायची नाही. सावली द्यायची."

"भिंतीला सावली?"

"आमच्या कांद्याच्या चाळीला असते तशी."

हे तिनं अगदी सहज म्हटलं. ती त्या चाळीत खेळत मोठी झालेली. कांदा साठवायची चाळ मीही लहानपणापासून पाहिलेली. जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंना भिंतीऐवजी पट्ट्या, छप्पर बाहेर चांगलं पुढे काढलेलं. ऊन आत शिरत नाही, वारा मात्र खालून आणि बाजूनं फिरत राहतो. नाहीतर कांदा सडेल. भाचीची कल्पना अशी होती की पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बाहेरून पट्ट्यांचा पडदा उभा करायचा. वर आणि खाली उघडा. ऊन पट्ट्यांवर पडेल, मधली हवा तापून वर निघून जाईल, भिंत सावलीत राहील. खिडकीपुढं त्याच पट्ट्यांची उघडता येणारी झडप. आपण पडदे आतून लावतो, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

तिनं कागदावर चित्र काढलं. यांनी ते बराच वेळ बघितलं.

"पश्चिमेचं ऊन संध्याकाळी तिरपं येतं. अगदी समोरून. मग पट्ट्या अशा आडव्या सरळ ठेवल्या तर मधल्या फटीतून आत येणार नाही का?"

"कलत्या ठेवायच्या. किती, ते बघायला मॉडेल करावं लागेल. माझं पुठ्ठ्याचं आहे, पण ते नीट होत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर हे मागच्या अंगणात होते. जिन्याखाली ठेवलेली त्यांची हत्यारांची पेटी उघडली होती. अपघातानंतर पहिल्यांदाच. एक रंधा हातात घेऊन ते त्याचं पातं अंगठ्यानं बघत होते. मी तशीच मागं फिरले आणि चहा झाकून ठेवला.

मॉडेल व्हायला बरेच दिवस लागले. दंड पूर्ण उचलला जायचा नाही, कातडी ओढायची. सकाळी ऊन यायच्या आत जेवढं होईल तेवढं. पण जे झालं ते बघून भाची खुर्चीतून उठलीच. हातभर रुंदीची भिंत, तिच्यापुढं बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी खिळीवर फिरून हवी तेवढी कलती करता येईल अशी. दोघं संध्याकाळी गच्चीवर जाऊन ते मॉडेल पश्चिमेला तोंड करून ठेवायचे आणि पट्ट्या फिरवून मागच्या भिंतीवर ऊन कुठं पडतं ते बघायचे. मी जिन्यातून त्यांचे आवाज ऐकायचे. "अजून थोडी." "बास बास." "आता हवा अडतेय का बघ." डिसेंबरातलं संध्याकाळचं ऊन यांना सोसायचं. कित्येक महिन्यांनी ते गच्चीवर गेले होते.

लाकडाचा प्रश्न भावानं सोडवला. त्याची जुनी चाळ मोडून तो लोखंडी जाळीची बांधत होता. जुन्या चाळीच्या लाकडी पट्ट्या पडून होत्या. एक दिवस सटाण्याकडचा टेम्पो दारात उभा राहिला आणि भाऊ खाली उतरला. पट्ट्यांना कांद्याचा वास होता आणि फटींत अजून लाल सालपटं अडकलेली. त्यानं भिंतीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दाजी, इतलं लाकूड पुरी का?"

"पुरेल," हे म्हणाले. "उरलं तर तुम्हाला खुर्ची करून देईन."

गच्चीचं काम गवंड्यानं केलं. जुना कोबा साफ करून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवले, तेच आपलं चायना मोझॅक. पूर्ण झाल्यावर दुपारी वर गेलं तर डोळे दिपायचे. तेवढं ऊन आता परत जात होतं, खाली उतरत नव्हतं. हा फरक मार्च लागताच कळला. वरच्या खोलीत संध्याकाळी छताखाली उभं राहिलं की डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटायचं, ते थांबलं.

पडदा अर्ध्यावर आला आणि सोसायटीचे सेक्रेटरी फाटकात उभे राहिले. भले गृहस्थ, निवृत्त, कॉलनीच्या झाडांना स्वतः पाणी घालणारे.

"वहिनी, हे काय चाललंय? सगळ्या घरांची बाहेरची बाजू एकसारखी ठेवायची असं ठरलंय आपलं. हे असं चाळीसारखं लावलं तर उद्या प्रत्येक जण काहीतरी लावेल."

मी सांगायला लागले की यांची तब्येत, डॉक्टर... तेवढ्यात हे दारात आले. मी गप्प झाले. अपघात कॉलनीत सगळ्यांना माहीत होता, पण घामाची गोष्ट यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सांगू नकोस असं मलाही बजावलं होतं. बाहेर पडले की पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

"काम थांबवतो," हे सेक्रेटरींना म्हणाले. "पण उद्या संध्याकाळच्या चहाला या. हॉलमध्ये बसू."

"अहो, तुम्ही हॉलमध्ये..." मी म्हणाले.

"बसू थोडा वेळ."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. ऊन तेव्हा नेमकं त्या भिंतीवर होतं. यांनी त्यांना भिंतीशेजारच्या खुर्चीवर बसवलं, अर्धा पडदा लागलेल्या बाजूला. चहा झाला. मग म्हणाले, "आता जरा इकडे बसा," आणि त्यांना पडदा न लागलेल्या बाजूला बसवलं. स्वतः शेजारी बसले. सेक्रेटरी बोलता बोलता कपाळ पुसायला लागले. मग त्यांनी भिंतीला हात लावला. उठून पलीकडच्या बाजूला लावला. पुन्हा इकडे.

"एकच भिंत आहे ही?"

"एकच."

यांचा चेहरा लाल होत चालला होता. मला ते दिसत होतं आणि मी स्वयंपाकघराच्या दारात हात आवळून उभी होते. शेवटी हे उठले, कोपऱ्यातल्या बादलीतला ओला टॉवेल घेतला, शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या आणि दंडांवर गुंडाळला. सेक्रेटरींनी ते दंड बघितले. यांनी साधेपणानं सांगितलं, "मला इथं घाम येत नाही. म्हणून हे असं पाणी लावावं लागतं. गेलं वर्ष वरच्या खोलीत काढलं."

सेक्रेटरींनी पुन्हा एकदा भिंतीला हात लावला. उठताना म्हणाले, "रंग मात्र सोसायटीचाच लावा हं."

"लावतो," हे म्हणाले.

त्यांचा पाय बाहेर पडल्यावर मी यांच्यावर ओरडले. काय गरज होती इतका वेळ बसायची? हे डोक्यावरून पाणी घेत म्हणाले, "अगं, सांगून कळत नाही ते. मला तरी कळत होतं का?" आणि मग थोड्या वेळानं, "बरं झालं बोललो." त्यानंतर ते कॉलनीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून फिरायला लागले.

पडदा पुरा झाला. भिंतीच्या भेगा आधी बुजवून घेतल्या होत्या. सोसायटीचा फिकट पिवळा रंग पट्ट्यांना लावला आणि लांबून बघितलं तर ते घराचंच अंग वाटायचं. रोजचा क्रमही भाचीनं शिकवला. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, झडपा खाली. सूर्य गेला की सगळं उघडायचं. नाशिकची रात्र गार असते, ती घरात भरून घ्यायची. हे मला अवघड गेलं. दुपारी खिडक्या उघड्या टाकायची जन्माची सवय. दोन-तीनदा मी उघडल्या आणि यांनी मुकाट्यानं उठून लावल्या.

तो उन्हाळा सरळ गेला असं म्हणणार नाही. मे महिन्यात काही दिवस असे आले की हॉलमध्येही बसवेना, आणि हे वर जाऊन एसी लावून पडले. पण ते थोडेच. एरवी दुपारी हे खाली असायचे. कुणी आलं की दार तेच उघडायचे. भाचीच्या वर्गातली मुलं मॉडेल करून घ्यायला यायला लागली. आमच्या हॉलमध्ये चार-पाच पोरं फतकल मारून बसलेली आणि हे मधे चष्मा नाकावर घेऊन लाकूड कापतायत, असं मी शाळेतून आल्यावर बघायचे आणि सरळ चहाचं आधण ठेवायचे.

भाची परीक्षा पास झाली आणि नोकरीला पुण्याला गेली. जाताना थर्मामीटर काढून नेईल असं वाटलं होतं, पण तिनं ती इथंच ठेवली. म्हणाली, "मामांना लागतील."

यंदा थंडी सरताना पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. मुलगा सैन्यात, देवळाली कॅम्पला असतो, सून आणि तान्हं बाळ या बाईंकडे. बाळ दुपारभर रडतं, अंगावर घामोळं उठलंय. "भाऊ, तुमच्यासारखा पडदा आम्हालाही करून द्या," त्या यांना म्हणाल्या.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेले. टोपी, ओला पंचा खांद्यावर, थर्मामीटर खिशात. मीही बरोबर गेले. वरच्या मजल्यावर बाळाच्या खोलीत यांनी भिंतींना एकेक करून हात लावला. मग स्टुलावर चढून, आता जरा मोकळा झालेला हात छताला लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"पडदा नको," खाली उतरून म्हणाले. "तुमची भिंत पूर्वेची आहे, दुपारनंतर ती सावलीतच असते. तुमचा त्रास वरून आहे. आधी गच्ची पांढरी करा. आणि तोवर बाळाला खालच्या खोलीत झोपवा."

बाईंचा चेहरा जरा उतरला. पडद्याचं त्यांनी मनात धरलं होतं. सून मात्र ऐकत होती. तिनं बाळाला यांच्याकडे दिलं आणि खालच्या खोलीतला पसारा आवरायला गेली. हे बाळाला घेऊन जिन्याच्या सावलीत उभे राहिले, एका हातानं त्याच्यावर पंच्यानं वारा घालत.